पंखा काठीने का ढकलावा लागतो? गावातल्या दालनासाठी हात लावायची एक्झिबिट कशी करावीत

प्रश्न थोडक्यात असा: तालुक्याच्या गावातल्या एका जुन्या वाचनालयाने वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या मोकळ्या केल्या आहेत. लोकांनी घरातल्या जुन्या वस्तू आणून दिल्या आहेत. त्यात पितळी स्टोव्ह, डायलचा काळा फोन, पायाचं शिलाई मशीन, बंद पडलेला मिक्सर, दोन रेडिओ आणि एक टाइपरायटर आहे. त्यातून मुलांना हात लावता येईल असं ‘रोजच्या जगण्यातलं तंत्रज्ञान’ दालन करायचं आहे. हाताशी सहा लाख रुपये आहेत. एका पुरवठादाराने त्यातल्या साडेचार लाखांत तीन टचस्क्रीन आणि एक अ‍ॅनिमेशनची भिंत देऊ केली आहे. घ्यावी का? नाही, तर काय करावं?

आधी सरळ उत्तर. ते कोटेशन नम्रपणे परत करा, आणि तुमच्या बाजारपेठेत मोटार रिवाइंडिंगचं जे सगळ्यात जुनं दुकान असेल तिथल्या मिस्त्रींना वाचनालयात चहाला बोलवा. मिक्सर-गीझर दुरुस्त करणारा, शिलाई मशीनवाला आणि सायकलवाला यांनाही बोलवा. मी सव्वीस वर्षं विज्ञान केंद्रांसाठी एक्झिबिट बनवतोय, आधी एका केंद्राच्या वर्कशॉपमध्ये आणि आता स्वतःच्या शेडमध्ये. घरगुती यंत्रांवरचं जे काही बरं काम माझ्या हातून झालं, त्याची कल्पना कुठल्या ना कुठल्या दुरुस्तीच्या दुकानात स्टुलावर बसून असतानाच सुचलेली आहे. एखादं यंत्र नेमकं कुठे अडतं हे दुरुस्त करणाऱ्याला माहीत असतं, आणि ते अडतं तिथेच ते समजून घेण्याची सोय असते.

मिक्सरचंच बघा. बऱ्याच मिक्सरच्या बुडाशी एक छोटं लाल बटण असतं. जार ठासून भरला, मोटारीवर ताण आला, की ते टक् करून बाहेर येतं आणि वीज तोडतं. पाच-दहा मिनिटांनी दाबलं की मिक्सर पुन्हा चालू. कित्येक घरांत हे ठाऊकच नसतं. मिक्सर पिशवीत बसून दुकानात येतो, मिस्त्री बटण दाबतात आणि प्रामाणिक असतील तर पैसे घेत नाहीत. दुसरी जागा म्हणजे कपलर, जारच्या बुडाचा आणि मोटारीच्या टोकाचा तो दातेरी तुकडा. जार अडकला की बहुतेक वेळा आधी कपलरचे दात जातात. थोडक्या रुपयांचा भाग मरतो आणि महागाची मोटार वाचते. असा ‘मुद्दाम कच्चा दुवा’ ठेवणं ही अभियांत्रिकीतली फार सुंदर कल्पना आहे. वीज मंडळाच्या खांबापासून घरातल्या फ्यूजपर्यंत ती सगळीकडे आहे, पण तिची ओळख मिक्सर उलटा केल्यावर होते.

तुमच्याकडच्या मिक्सरसारखाच एक बंद मिक्सर भंगारातून आणून मी हेच करेन. आवरण कापून काढायचं, आतलं आर्मेचर (मोटारीचा फिरणारा भाग), त्याला वीज पोचवणारे कार्बन ब्रश, लाल बटण उघडं ठेवायचं. मोटारीला वीज जोडायचीच नाही. तिच्या जागी एक हँडल. एक मुलगा हँडल फिरवतो, दुसरा जारच्या पात्यावर ब्रेक आवळत जातो. एका ठरावीक ताणाला दाते घसरून कट्-कट् करतात. दोघांचं भांडण सुरू होतं, मग दोघं जागा बदलतात. बाजूला पाटी: ‘काय तुटलं? कोण वाचलं?’ सोबत सुमीत मिक्सरची गोष्ट सांगता येईल. १९६०च्या दशकात मुंबईत सत्यप्रकाश माथुर या इंजिनिअरच्या घरी परदेशी बनावटीचं यंत्र आपल्या वाटणाघाटणापुढे टिकेना, म्हणून त्यांनी ओलं-सुकं वाटण सोसेल असा मिक्सर बनवला. चटणीने मोटारीचा आराखडा बदलला, हे मुलांना लगेच कळतं.

आता टचस्क्रीनला मी नाही का म्हणतो. स्क्रीनशी माझं वैर नाही. पण मुलाच्या घरी मोबाइल आहेच आणि त्यात तुमच्या भिंतीवरच्यापेक्षा चांगलं अ‍ॅनिमेशन आहे. स्क्रीनवरचा मिक्सर कितीही जोरात फिरवला तरी मनगटाला काही लागत नाही. शिवाय नव्याचे नऊ दिवस संपले की काय होतं ते मी पाहिलंय. एका ठिकाणी (नाव नको) सहा स्क्रीन बसवल्या होत्या. दोन वर्षांनी गेलो तर तीन काळ्या पडलेल्या, एकीवर ‘अपडेट करा’ अशी सूचना कायमची थिजलेली. विकणारा फोन उचलत नव्हता आणि गावात ते उघडू शकणारं कुणी नव्हतं. जे तुमच्या गावात दुरुस्त होत नाही ते तुमच्या दालनात नको, हा नियम मी स्वतःला घालून घेतलाय. तो जरा कडक आहे, मान्य, पण त्याने माझी बरीच फजिती वाचवली आहे.

‘इंटरॅक्टिव्ह’ या शब्दाने मात्र मोठा घोळ घातलाय. बटण दाबलं, दिवा लागला, आवाज आला, झालं इंटरॅक्टिव्ह! हे बटण आलं कुठून? म्युनिकचं डॉइचेस म्युझियम, ऑस्कर फॉन मिलर या विद्युत अभियंत्याने १९०३ मध्ये स्थापलेलं. १९२५ मध्ये ते आजच्या इमारतीत उघडलं. तिथे लोकांनी स्वतः दांडा फिरवावा, बटण दाबावं आणि यंत्र हलताना पाहावं अशी सोय होती. काचेआडच्या वस्तूंच्या जमान्यात ही क्रांती होती. लंडनच्या सायन्स म्युझियमने १९३१ मध्ये मुलांसाठी दालन काढलं, त्यात प्रकाशाचा झोत अडला की आपोआप उघडणारं दार होतं आणि मुलं त्यातून पुन्हा पुन्हा ये-जा करायची. आज मॉलमध्ये त्या दाराकडे कुणी ढुंकून बघत नाही. पुढे १९६९ मध्ये फ्रँक ओपेनहायमर यांनी सॅन फ्रान्सिस्कोत एक्सप्लोरेटोरियम सुरू केलं आणि बटणाच्या पलीकडचा रस्ता दाखवला: दर्शकाने नुसतं यंत्र चालू करायचं नाही, त्यात काहीतरी बदलायचं आणि उत्तर कसं बदलतं ते पाहायचं. तिथली दुरुस्तीची कार्यशाळा लोकांना दिसेल अशी उघडी ठेवलेली, आणि एक्झिबिट कशी बनवायची त्याच्या ‘पाककृती’ त्यांनी छापून जगाला वाटल्या. आपल्याकडे कोलकात्याचं बिर्ला म्युझियम १९५९ चं, मुंबईत वरळीचं नेहरू सायन्स सेंटर १९८५ चं, नागपूरचं रमण विज्ञान केंद्र १९९२ चं. त्यांच्या वर्कशॉपमधल्या लोकांनी त्याच कल्पना इथल्या गर्दीला आणि इथल्या धुळीला झेपतील अशा करून घेतल्या.

तुमच्या विषयाला सगळ्यात जवळचा नमुना म्हणजे लंडनच्याच सायन्स म्युझियमच्या तळघरात १९९५ मध्ये उघडलेलं आणि २०२४ मध्ये बंद झालेलं घरगुती यंत्रांचं दालन. टिम हंकिन या इंजिनिअर-व्यंगचित्रकाराने घरातल्या यंत्रांवर दूरचित्रवाणीवर एक मालिका केली होती, त्यातून ते निघालं. फ्रिज, कुलूप, संडासाची टाकी अशा साध्यासुध्या गोष्टी उघडून आतलं दाखवायचं, आणि तेही थोड्या खट्याळपणे. मला त्यातलं आवडलं ते हे की यंत्रापुढे हात जोडायला लावत नसत. हे माणसाने जुळवलेलं आहे, तुम्हालाही कळेल, असा सूर होता.

आता प्रत्यक्ष काय करावं. दोन खोल्यांत दहा-बारा एक्झिबिट पुरेत. सगळी इथे सांगत बसत नाही, माझ्या हातची तीन सविस्तर सांगतो.

पहिलं, पंखा. छताचा पंखा चालू केला की नुसता गुंगुं करतो, फिरत नाही, मग घरातलं कुणीतरी काठीने पातं ढकलतं आणि पंखा सुटतो. हा प्रसंग ज्याने पाहिला नाही असा माणूस महाराष्ट्रात विरळा. त्यामागचं कारण असं: आपल्या घरी एकफेजी वीज येते. एकट्या वेटोळ्यात ती सोडली तर चुंबकीय क्षेत्र नुसतं मागे-पुढे धडधडतं, गोल फिरत नाही. म्हणून दुसरं वेटोळं देतात आणि त्याच्या वाटेत कपॅसिटर, म्हणजे वीज क्षणभर साठवून सोडणारा छोटा भाग, ठेवतात. त्यामुळे दुसऱ्या वेटोळ्यातला प्रवाह वेळेत थोडा पुढे सरकतो आणि दोन्ही मिळून क्षेत्र गोल फिरतं. कपॅसिटर मेला की धक्का देणारं कुणी उरत नाही. मग तो धक्का तुम्ही काठीने देता.

एक्झिबिट असं: भंगारातला चालू पंखा, पाती काढून टाकलेली, मोटार स्टँडवर उताणी आणि पात्यांच्या जागी गुळगुळीत गोल चकती, तिच्यावर रंगाचा एक पट्टा. वीज आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरमधून द्यायची, म्हणजे मोटारीचा मुख्य लाइनशी थेट संबंध राहत नाही. एक खटका कपॅसिटर जोडतो किंवा तोडतो. तोडलेला असताना पंखा गुणगुणतो. मुलाने चकतीला डावीकडे ढकललं की डावीकडे सुटतो, उजवीकडे ढकललं की उजवीकडे! या क्षणी मुलं हमखास थबकतात. पंखा दोन्हीकडे फिरू शकतो ही गोष्ट घरी कधी कळलेलीच नसते. मग कपॅसिटर जोडला की तो हट्टाने एकाच दिशेला जातो, उलटं ढकललं तरी ऐकत नाही. तीन मिनिटं मुलं इथेच रेंगाळतात, आणि एक्झिबिटसमोर तीन मिनिटं म्हणजे फार झाली. एक काळजी घ्या: अडलेली मोटार तापते, त्यामुळे वीसेक सेकंदांनी वीज आपोआप तुटेल असा टायमर लावा.

या एक्झिबिटच्या पहिल्या पाटीवर मी लिहिलं होतं, ‘कपॅसिटर पंख्याला वेग देतो.’ एका रिवाइंडिंगच्या दुकानातले मिस्त्री बघायला आले होते. वाचून म्हणाले, ‘साहेब, वेग नाही देत, दिशा देतो.’ मी अभियांत्रिकीची पदवी घेतलेला माणूस. पाटी त्याच दिवशी उतरवली.

दुसरं, कुकरची शिटी. खरी वाफ अजिबात नको. सायकलचा पायपंप, जाड नळीचा वीतभर तुकडा, एक दाबमापक आणि वरती कुकरची, शिटीचं वजन बसतं ती नळी. हवा साठेल अशी मोठी टाकी जोडू नका, दाबाखालची हवा जितकी कमी तितकं बरं. मूल पंप मारतं, काटा चढतो, वजन थरथरतं आणि फुस्स. शेजारी तीन वजनं ठेवायची: अर्धं, पूर्ण, दीडपट. अर्धं वजन अर्ध्या दाबाला उठतं. गणित तोंडी होतं. नळीचं भोक ३ मिमी व्यासाचं धरलं तर क्षेत्रफळ सुमारे ७ चौरस मिमी. दर चौरस सेंटिमीटरला एक किलो दाब धरायचा असेल तर त्या इवल्याशा भोकावर ७० ग्रॅम वजन पुरतं. पोरं आधी विश्वास ठेवत नाहीत, कारण कुकर केवढा आणि शिटी केवढी!

त्या दाबाला पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून डाळ लवकर शिजते. उलट बाजू महाबळेश्वरला दिसते, तिथे उघड्या पातेल्यातलं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळायला लागतं आणि डाळ रुसून बसते. पाटीवर मी एक भांडण मुद्दाम लावून देतो: ‘पहिली शिटी झाल्यावर गॅस मोठा ठेवला तर डाळ लवकर शिजेल का?’ शिजणार नाही, कारण दाब वजनाने ठरलेला आहे आणि दाबाने तापमान. मोठी ज्योत फक्त जास्त वाफ बाहेर घालवते. या पाटीसमोर मी आई-मुलींना, सासू-सुनांना वाद घालताना ऐकलंय. एक आजी मला म्हणाल्या, ‘आम्ही शिट्ट्या मोजतो त्या वेळ मोजायला, घड्याळ नव्हतं तेव्हा.’ त्यांचं बरोबरच होतं. शिटी हे स्वयंपाकघरातलं घड्याळही आहे.

तिसरं, डायलचा फोन. आजची मुलं त्या भोकांत बोट घालून बटणासारखं दाबतात. दाबू द्या, लगेच शिकवायला जाऊ नका, कुणीतरी फिरवतंच. गंमत बोट सोडल्यानंतर आहे. डायल परत येताना सेकंदाला दहाच्या गतीने जोडणी तोडत येते: ३ फिरवला तर तीन वेळा, ० फिरवला तर दहा वेळा. डायल जोरात फिरवा की हळू, परतीचा वेग तोच, कारण आत वेग आवरणारा गव्हर्नर असतो. फोनच्या पाठीचा भाग पारदर्शक करा आणि प्रत्येक ठोक्याला एक दिवा लागेल अशी दहा दिव्यांची रांग लावा. शून्य म्हणजे सगळ्यात लांबचा आकडा, हे बोटाला कळतं. मग कुणीतरी म्हणतंच की ज्याच्या नंबरात शून्यं जास्त त्याला फोन करायचा कंटाळा यायचा.

याच फोनमध्ये तुमच्या दालनातलं एकमेव इलेक्ट्रॉनिक्स घाला. १ ते ९ आकडे फिरवले की रिसिव्हरमध्ये नऊ माणसांचे आवाज: घरी पहिला मिक्सर आला तो दिवस, रॉकेलच्या रांगा, ट्रंक कॉल लागण्याची वाट बघणं, टाइपिंगच्या परीक्षेची धडधड. गावातल्याच लोकांचे, दीड-दोन मिनिटांचे. एक आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारं छोटं सर्किट), एक आवाजाचं मोड्यूल आणि मेमरी कार्ड, काही हजारांत होतं आणि आयटीआयची मुलं जोडून देतात. जुन्या टेलिफोन लाइनवर ४८ व्होल्ट असायचे आणि घंटीला त्याहून जास्त. आपल्याला त्यातलं काही नको, १२ व्होल्टमध्ये सगळं भागतं.

शिलाई मशीनसाठी मूळ मशीन तसंच ठेवा, त्याच्या शेजारी टाक्याची मोठी प्रतिकृती करा: सुई म्हणून लाकडी दांडा, लाल आणि पिवळी दोरी. वरच्या दोऱ्याचा फास अख्ख्या बॉबिनला वळसा घालून जातो हे लहान आकारात कुणाला दिसतच नाही. सायकलने वीज बनवायचं एक्झिबिट सगळ्यांना हवं असतं. करा, पण पायाऐवजी हाताचं हँडल करा. धडधाकट माणूस पेडल मारून तासभर १०० वॉट देईल, म्हणजे एक दशांश युनिट; हाताने त्याहून कमी. ९ वॉटचा एलईडी लीलया पेटतो, जुना ६० वॉटचा बल्ब दमवतो, आणि इस्त्रीचा खटका लावला की हँडल जड होऊन बसतं पण इस्त्री काही तापत नाही. पाण्याचं एक्झिबिट पहिल्या वर्षी करू नका. ते घरात तान्हं मूल असल्यासारखं आहे, दिवसातून चारदा पुसावं लागतं. आणि तुमच्या खाली पुस्तकं आहेत.

वस्तूंबद्दल एक गोष्ट मात्र सोडू नका. देणगीत आलेली एकुलती एक वस्तू हाताळायला कधीही देऊ नये. एक काचेत, एक हातात, हा नियम. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते, दिवे, भांडी पाहिली की लक्षात येतं की घरगुती वस्तूसुद्धा किती जपण्याजोगी असते. तो अडकित्ता मुलांच्या हाती दिला तर वर्षभरात खिळा निघेल. हाताळण्यासाठी किंवा कापण्यासाठी जोडवस्तू, वर सांगितलेला फोन आणि खाली येणारा स्टोव्हसुद्धा, भंगारवाल्याकडून किंवा पुण्याच्या जुन्या बाजारातून आणा. प्रत्येक देणगीची वहीत नोंद, देणाऱ्याची सही आणि ‘वस्तू संग्रहालयाच्या मालकीची झाली’ असं एक वाक्य. नाहीतर दहा वर्षांनी नातू येतो आणि फोन परत मागतो.

काय उघडू नये, हेही लिहून ठेवतो, कारण उत्साहात लोक स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसतात. मायक्रोवेव्ह उघडू नका, आतला कपॅसिटर प्लग काढल्यावरही जीवघेणा झटका देऊ शकतो. जुन्या डब्यासारख्या टीव्हीच्या पिक्चर ट्यूबचंही तेच. जुन्या इस्त्र्या आणि टोस्टर यांत अ‍ॅस्बेस्टॉसचा थर असू शकतो, कापायचे नाहीत. अंधारात चमकणारी फार जुनी घड्याळं काचेतच बरी, त्यांच्या आकड्यांवर रेडियम असण्याची शक्यता असते. पितळी स्टोव्ह कापून दाखवायला उत्तम: पंपाने टाकीत दाब येतो, रॉकेल तापलेल्या नळीतून वर चढताना वायू होतं आणि बारीक भोकातून सुटतं, म्हणूनच ती पिन मारावी लागायची. पण आधी टाकी पाण्याने पूर्ण भरून धुऊन घ्या आणि हाताच्या करवतीनेच कापा, ग्राइंडर नको. ठिणगी आणि रॉकेलची उरलेली वाफ ही जोडी वाईट.

बांधणीबद्दल माझा अनुभव एका ओळीत: बसमधून खेड्यापाड्यांत फिरवायचं आहे असं समजून बनवा. कोलकात्याच्या बिर्ला म्युझियमने १९६५ मध्ये बसमधून फिरतं विज्ञान प्रदर्शन सुरू केलं. कच्च्या रस्त्यावर जे टिकतं ते शाळेच्या सहलीतही टिकतं. माझं पहिलं स्वतंत्र काम, एक तरफेचं एक्झिबिट, तिसऱ्या दिवशी मोडलं होतं. मी हिशेब धरला होता तो एका मुलाच्या हाताचा, प्रत्यक्षात दांड्याला दोन मुलं लोंबकळली आणि तिसरा खाली बसून ढकलत होता. तेव्हापासून हँडल कुठलंही असो, त्याला मी स्वतः लटकून बघतो. माझं वजन ८० किलो आहे, ते एवढ्याच कामाचं.

बाकी बारीक गोष्टी. टेबलाची उंची ७५ सेंटिमीटर, खाली चाकाची खुर्ची शिरेल इतकी मोकळी जागा. चेन, पुली, गिअर पूर्ण झाकलेले. ओढणी, परकर, लांब वेणी यांचा विचार झाकणाच्या आराखड्यात आधीच करायचा, मागून नाही. मुलांचं बोट अडकेल अशी फट ठेवायची नाही. युरोपात खेळण्याच्या मैदानांसाठी ८ ते २५ मिमी ही धोक्याची फट मानतात, मी तेच माप वापरतो. बेअरिंग, स्प्रिंग, केबल हे सगळं सायकलच्या किंवा पंख्याच्या दुकानात मिळणाऱ्या मापाचंच घ्या. दाराशी एक मुख्य खटका, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा खटका) आणि तपासलेलं अर्थिंग. यात काटकसर नाही.

आणि लगेच लोखंडात बनवू नका. आधी पुठ्ठा, प्लाय, सुतळी यांचा मॉक-अप, म्हणजे कच्चा नमुना. गल्लीतली दहा मुलं बोलवा, त्यांना काहीही न सांगता सोडा आणि कोपऱ्यात बसून बघा: हात पहिल्यांदा कुठे गेला? काय उलटं केलं? कंटाळा कधी आला? तोंड उघडायचा मोह फार होतो, विशेषतः तुमच्यातले जे शिक्षक आहेत त्यांना. मी तर कोपऱ्यात बसताना सुपारी तोंडात ठेवतो. मुलांनी चुकीचं केलं असं वाटलं तर दहातल्या आठ वेळा चूक एक्झिबिटची असते.

पाट्या तुम्ही स्वतः लिहा, बाहेर देऊ नका. ‘एककला चलित्रातील धारित्राचे कार्य’ अशी पाटी मी एका ठिकाणी पाहिली, तिच्यापुढून मराठी शाळेतली मुलंसुद्धा न थांबता पुढे जात होती. ‘पंखा काठीने का ढकलावा लागतो?’ असं लिहिलं की थांबतात. आधी काय करायचं, मग काय दिसतं ते बघा, आणि सगळ्यात शेवटी बारीक अक्षरात कारण. चाळीस-पन्नास शब्दांवर जाऊ नका. पाटी भिंतीवर नको, हँडलच्या शेजारी तिरपी हवी, म्हणजे हात चालू असताना डोळे वाचतात. कारण उचलून बघायच्या झडपेखाली ठेवलं तर आणखी बरं, आधी अंदाज बांधला जातो.

पैशाचं म्हणाल तर सहातले साडेतीन लाख एक्झिबिट आणि वायरिंगवर, पन्नास हजार पाट्या आणि उजेडावर, आणि उरलेले दोन लाख बँकेत, पुढच्या तीन वर्षांच्या दुरुस्तीसाठी. समितीतले लोक यावर ओरडतील, उद्घाटनाला दोन एक्झिबिट कमी दिसतील म्हणून. ओरडू दे. बारापैकी चार एक्झिबिटवर ‘बंद आहे’ लटकलेलं दालन आठच एक्झिबिटच्या दालनापेक्षा वाईट, कारण मूल जे बंद आहे त्याच्यापाशीच पहिल्यांदा जातं. मिस्त्रींना महिन्याचं थोडं का होईना पण ठरलेलं मानधन द्या, ‘समाजकार्य’ म्हणून फुकट राबवू नका. महिन्यातून एका रविवारी त्यांना दालनातच, लोकांसमोर, दुरुस्ती करू द्या. लोकांनी घरून बिघडलेली वस्तू आणावी आणि ती उघडताना बघावं. माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त गर्दी नेहमी त्याच टेबलाभोवती होते. बारावीची दोन-तीन मुलं मार्गदर्शक म्हणून ठेवा आणि त्यांना एकच तंबी द्या: उत्तर सांगायचं नाही, ‘आता उलटं करून बघ’ एवढंच म्हणायचं. शाळेची सहल आली तर एका वेळी पंचवीसच मुलं वर, बाकीची खाली वाचनालयात.

सुरुवात पंख्यापासून करा. मोटार भंगारात मिळेल, चकती कुठलाही अ‍ॅक्रिलिकवाला कापून देईल. कपॅसिटर दोन घ्या, एक लागेलच.